घरात कोणीच नाही

आमच्या अकोले तालुक्यातली थंडी साधीसुधी नाही. पहाटे म्हशीची धार काढायला बसावं, तर चरवीत दुधाच्या गोठलेल्या काड्या पडतात. म्हणून कॅनडातल्या अजिनाथने आईबापांच्या घरात डिझेलवर चालणारी हीटिंगची भट्टी बसवून दिली होती. यंदा सुट्टीत येऊन त्याने तिला स्मार्ट थर्मोस्टॅट जोडला. "आता कशाला हात लावायचा नाही, अण्णा. घर गार पडलं की भट्टी आपोआप पेटंल."

तो विमानात बसला आणि इकडे भट्टी विझली ती विझलीच. शेवटी कारभारीअण्णांनी कुडकुडत फोन लावला. "आरं, तुजं यंत्र पेटंना!"

अजिनाथने तिकडून ॲप उघडून पाहिलं. "अण्णा, माझा मोबाईल घरात नाही ना, म्हणून त्याला वाटतंय घरात कोणीच नाही."

"दारात चपला हायेत, चुलीचा धूर निघतोय, तुजी आई मघापासून माज्यावर वराडतीया. घरात मानूस हाय याला आजून कसला पुरावा पायजे त्याला?"

अजिनाथने आपला जुना मोबाईल कुरिअरने धाडला. तो उंबऱ्याच्या आत आला मात्र, भट्टी अशी धडाडली की भिंतीवरच्या पाली घाम पुसत बाहेर पडल्या.

"आता झालं ना मनासारखं, आई?" अजिनाथने फोनवर विचारलं.

"व्हय बाबा," रंगुबाई म्हणाली. "यंत्राला वाटतंय, तू घरी आलाईस. आमालाच तेवढं वाटत न्हाई."