चुलीपुढे क्रुसाची खूण

"अगं, मला वाटलं थडगी आहेत. मी क्रुसाची खूण केली, डोळे मिटले, आणि गाईड कानाशी येऊन म्हणतो, मॅडम, हे स्वयंपाकघर आहे."

प्रिन्सी स्वतःच खो खो हसली आणि तिने फोन अलीजाच्या नाकासमोर धरला. जेरुसलेमहून ती आजच परतली होती. चर्चच्या ग्रुपबरोबर यात्रेला गेली, तर गाईडने मधेच सगळ्यांना एका जिन्याने जमिनीखाली उतरवलं. वर आजची बिऱ्हाडं, खाली म्युझियम, आणि म्युझियममध्ये दोन हजार वर्षांपूर्वीची ज्यू लोकांची घरं.

हसावं की गप्प बसावं, अलीजाला कळेना. दोह्यातल्या अबू हमूर भागातल्या या खोलीत दोघी तीन वर्षं राहत होत्या. प्रिन्सी वसईची, हॉस्पिटलात नर्स. अलीजा नागावकर अलिबागची, अकाउंट्समध्ये. एकमेकींच्या तापात दोघी जागल्या होत्या. पण आपण बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, हे अलीजाने प्रिन्सीलाही सांगितलं नव्हतं. निघताना तिच्या आईने, राहिलबाईंनी, बजावलं होतं, "कुणी विचारलं तर कोकणातली आहे म्हण, आणि विषय बदल." ऑफिसात आडनाव ऐकून लोक तिला हिंदू समजत, नाव ऐकून मुसलमान. तिने कुणाचंच म्हणणं खोडून काढलं नाही. इस्रायलच्या युद्धाच्या बातम्या लागल्या की ती चहा करायला उठे. शुक्रवारी संध्याकाळी ज्यूंचा शब्बाथ सुरू होतो; तेव्हा लावलेल्या दिव्याला ती नुसती 'घरची पद्धत' म्हणे. वसईहून प्रिन्सीच्या आईने कोळंबी पाठवली की 'मला ॲलर्जी आहे' म्हणून वाटी सरकवून देई. धर्मात चालत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार? आणि आता तर खरं सांगायची सोयच राहिली नव्हती. इतकी वर्षं मला फसवलंस, असं प्रिन्सी म्हणाली तर? दोह्यात तिला दुसरं होतं कोण?

"आणि हे रांजण बघ. एवढी श्रीमंत माणसं, फरशीवर काय ती नक्षी, आणि भांडी मात्र दगडाची! का, ते गाईड सांगत होता, पण मी मागे राहिले."

"दगडाला विटाळ लागत नाही," अलीजा बोलून गेली.

लहानपणी सिनेगॉगच्या पायरीवर बसून ऐकलेलं, ते नेमकं आत्ता तोंडातून निसटावं!

"तुला गं कसं माहीत?"

"यूट्यूबवर पाहिलं कुठेतरी."

"अस्सं," प्रिन्सी म्हणाली आणि तिने फोन बाजूला ठेवला. तिला पटलं की नाही, देव जाणे.

"चल, यल्ला, भेटी बघ." तिने बॅग उघडली. वॉर्डातल्या सगळ्यांसाठी ऑलिव्हच्या लाकडाच्या जपमाळा होत्या. अलीजाने निमूटपणे एक उचलली. प्रिन्सीने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि बॅगेच्या तळातून एक मोजा काढून दिला. मोज्यात बोटाएवढी धातूची नळी होती. अलिबागला घराच्या चौकटीवर अशीच एक होती. बाहेर पडताना आई तिला हात लावून बोटं ओठांना टेकवी. ज्यूंच्या घराची ती खूणच.

"हे... मला कशाला?" अलीजाने नळी मुठीत झाकली.

"दारावर लावू नकोस, घरमालक दहा प्रश्न विचारेल. कपाटाच्या आत लाव."

"प्रिन्सी, तुला कुणी सांगितलं?"

"मला कोण सांगणार? मी गाईडला विचारलं, मैत्रिणीसाठी काय नेऊ? तो म्हणाला, मैत्रीण कशी आहे ते सांग. म्हटलं, चांगली आहे, पण शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून बसते, मग कितीही ओढा, बाहेर येत नाही. आणि माझ्या आईच्या हातची कोळंबी तिने आजवर चाखलेली नाही, ॲलर्जी आहे म्हणते."

"मग?"

"मग काय, हसायला लागला. म्हणाला, मलाही तीच ॲलर्जी आहे."