शेजारच्या खोलीतला खेळाडू

सिस्टरने व्हिडिओ गेमचा दुसरा रिमोट स्पिरिटने पुसला आणि बसड्रायव्हरच्या हातात दिला.

"तिला सांगितलंय, शेजारच्या खोलीतला मुलगा खेळतोय. तुम्ही आवाज करू नका."

"म्हणजे पुन्हा खोटंच."

"मग बसा काचेकडे बघत."

तो रिमोट घेऊन तिच्या टेबलाशी बसला. पोरीने त्याच्याशी कट्टी घेतली होती. तिला इथे आणताना तो म्हणाला होता, "नुसतं दाखवून येऊ, सुई नाही." सुई होती, आणि मग रोजच होती. तेव्हापासून बाप काचेबाहेर दिसला की ती पाठ फिरवायची. जंतूंच्या भीतीने आत फक्त आईला सोडत. उद्या पाठीत मोठी सुई घालायची होती, आणि त्याआधी त्याला तिच्या तोंडून एक शब्द हवा होता. शिवीसुद्धा चालली असती.

गेम कुणा कॉलेजच्या पोरांनी मुलांच्या वॉर्डाला देऊन टाकले होते. एक संच तिच्या खोलीत, एक सिस्टरच्या टेबलावर, दोन्ही एकमेकांना जोडलेले. खेळून खेळून बटणांवरची अक्षरं पुसली गेली होती. इतकी आवडती वस्तू अनोळखी मुलांना देऊन टाकायला मन मोठं लागतं, त्या पोरांचं भलं होवो.

शर्यत सुरू झाली. सगळ्या गाड्या सुसाट सुटल्या. बसड्रायव्हर बेताने निघाला, वळणावर हळू झाला आणि चौकात लाल दिवा दिसताच चक्क थांबला.

"अहो, शर्यत आहे ही! तो दिवा नुसता शोभेचा आहे."

"लाल आहे की!"

उभा जन्म बस चालवण्यात गेलेला माणूस. सवयीला औषध नसतं. बाकीच्या गाड्या त्याला ओलांडून गेल्या, त्यांत पोरीची पिवळी गाडीही होती.

काचेपलीकडे तिची पाठ हलू लागली.

"रडतेय का हो?"

सिस्टर वाकून बघून आली. "हसतेय."

तो असा हरखला की काही विचारू नका. पुढच्या फेरीत सिग्नल तोडायचाच, असं ठरवून निघाला आणि त्याच चौकात पुन्हा थांबला. या खेपेला पिवळी गाडीही येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. दिवा हिरवा होईपर्यंत ती हलली नाही. तिचा रिमोट बिघडला असावा, असं त्याला वाटलं.

खेळ संपल्यावर सिस्टर सलाईन बदलायला आत गेली. बाहेर आली तेव्हा मास्कखाली हसू दाबत होती.

"शेजारच्या मुलाला निरोप आहे. उद्या सुईच्या वेळी काचेपाशी उभं राहायचं."

तो लगेच उठून काचेकडे निघाला.

"आणि दुखणार नाही, असं म्हणायचं नाही."