अध्यक्षांमार्फत

शेजारी देशांच्या विज्ञान सहकार्य समितीची वार्षिक बैठक पडद्यावर चालू होती. त्यातल्या दोन देशांमधली सीमा बंद, फोनही बंद. त्यामुळे भूकंपशास्त्रज्ञ थोरलीला पलीकडची धाकटी बहीण दिसायची ती फक्त इथे, त्या देशाची प्रतिनिधी म्हणून. बोलायचं तेही अध्यक्षांमार्फत.

भूकंपमापन केंद्रांचा विषय संपला. अध्यक्षांनी विचारलं, "आणखी काही?"

थोरलीने माइक चालू केला. "महोदय, त्यांना विचारता का, आई कशी आहे?"

धाकटीने चष्मा काढला. "महोदय, त्यांना सांगा, आई हल्ली मला त्यांच्याच नावाने हाक मारते. मी ओ देते."

इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंनी हळूच विचारलं, "हे काय म्हणून नोंदवू?"

"माहितीची देवाणघेवाण," अध्यक्ष म्हणाले. "अजून चालू आहे."