मिल्काबाईंच्या आईचा टोमॅटो

माणसाने केलेली जखम माणूसच भरून काढू शकतो, असा फलक कंपनीने गाळाच्या डोंगराच्या पायथ्याशी लावला होता, आणि फलकामागचा उतार खरोखरच हिरवागार दिसत होता. तो रंग होता. कुठे फवारून झालं आणि कुठे राहिलं ते कळावं म्हणून फवारणीत मिसळतात तो. पाहुणे येणार म्हणून आठवड्यापूर्वी त्याचा आणखी एक हात दिला होता.

फवारणी कंपनीच्या व्हर्ल जेन्सनची. तांब्याच्या गिरणीतून वर्षानुवर्षं ओतलेला पिठासारखा गाळ नेवाडाच्या वाऱ्यावर उडू नये, म्हणून त्याने आधी रसायनाचा पापुद्रा धरवला, मग गवताचं बी पेरलं आणि खत म्हणून गावच्या मैलाटाकीतलं सोनखत पसरलं. गवत उगवलं, टक्कल झाकायला आडवे विंचरलेले केस असतात, तितपत. जोमाने आलं ते एकच, उताराच्या मध्यावर टोमॅटोचं झुडूप. उद्याचे पाहुणे राजधानीतून गवत बघायला येणार होते. टोमॅटो संध्याकाळच्या आत उपटा, असा साहेबांचा निरोप होता.

व्हर्ल खुरपं घेऊन पोचला, तेवढ्यात मिल्काबाई वुकोविच उतारावर टाकलेल्या फळीवरून तोल सांभाळत वर आल्या. पापुद्र्यावर पाय द्यायचा नाही, एक पाऊल फुटलं की वारा तिथून आत शिरतो, हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं.

मिल्काबाई बऱ्याचदा येत. त्यांची सर्ब गल्ली या गाळाखाली होती. कंपनीने घरं गावाच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बांधून दिली आणि जुन्या गल्लीवर गाळ सोडला. इथे माझी चूल, ही शेजारच्या देस्पिनाची भिंत, असं त्या व्हर्लला हवेत बोट फिरवून दाखवत आणि तो मान डोलवी. त्या गल्लीत सूप येईपर्यंत ताटं टेबलावर पालथी असत. तरी धूळ यायची ती यायचीच. कॉफीत, पाळण्यात, नवरीच्या ओढणीत. घास दाताखाली कचकचला नाही तर नवरे विचारत, आज जेवण बाहेरून आणलं का? नव्या घरात धुळीचा कण नव्हता. मिल्काबाई ताटं अजून पालथीच मांडत. ताटं रुसलीत का आई, असं मुलगी विचारी.

झुडपापाशी येऊन त्या थांबल्या. एकच फळ पिकलं होतं. गुलाबी, मुठीपेक्षा मोठं, बैलाच्या काळजाच्या आकाराचं.

"हा आईचा," त्या म्हणाल्या.

आईने ते बी घागऱ्याच्या काठात शिवून समुद्रापलीकडून आणलं होतं. घर हलवताना बियांचा डबा हरवला. तेव्हापासून दर रविवारी देस्पिनाबाईंकडे जेवताना, टोमॅटो-कांद्याच्या कोशिंबिरीवर मेंढीचं चीज पडलं की, मिल्काबाई त्या टोमॅटोची आठवण काढत. दुकानातले टोमॅटो म्हणजे लाल रंग दिलेलं पाणी, असं म्हणत. देस्पिनाबाई ऐकून घेत.

आता त्यांनी क्रॉसची खूण केली आणि डोळे पुसले. गल्लीच खालून वर आली म्हणाल्या. झुडूप राहू दे, साहेबांना मी सांगते, नाहीतर निदान हे फळ तरी दे, अशी विनवणी केली.

व्हर्ल प्रामाणिक होता. खात्यात त्याची प्रगती झाली नव्हती ती त्यामुळेच. एवढ्या गाळाखालून काही वर येत नाही, बी खतातून आलंय, असं त्याने सांगून टाकलं.

"म्हणजे कसं, पोरा?"

व्हर्लने टोपी काढली. "म्हणजे कोणीतरी खाल्ला असणार, मिल्काबाई. गेल्या उन्हाळ्यात. आपल्याच गावात."

मिल्काबाईंनी मनातल्या मनात अख्खं गाव धुंडाळलं. ते बी गल्लीत फक्त एकदा, एकाच भिंतीपलीकडे गेलं होतं.

त्यांनी खाली पाहिलं. देस्पिनाबाई गाडीचं दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या वर येत नसत. मांडीवर कॉफीचा थर्मास.

व्हर्लने फळ तोडून दिलं. बी ठेवा, पण खाऊ नका, यात शिसं असेल, असं बजावलं आणि खुरपं झुडपाच्या बुंध्यात घातलं. मिल्काबाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

"घे," खाली येऊन त्या म्हणाल्या. "तुझाच आहे."

देस्पिनाबाईंनी फळ उलटसुलट करून पाहिलं. "माझे याच्याहून मोठे येतात."

"कधीपासून?"

"गल्ली गेली तेव्हापासून. तुझ्या बियाचं एक रोप खिडकीत थंडीतून वाचलं होतं. म्हटलं तुला चकित करावं, म्हणून पहिल्या रविवारी न सांगता चिरून घातला. तू एक घास घेतलास आणि म्हणालीस, दुकानातला ना? आईच्या टोमॅटोची सर नाही. मग म्हटलं, जाऊ दे मरू दे. उन्हाळाभर मी दर रविवारी तोच चिरते आणि तू दर रविवारी तेच म्हणतेस."

मिल्काबाई वळसा घालून दुसऱ्या सीटवर येऊन बसल्या. फळ मांडीवर ठेवलं. वारा सुटला. उतारावरून काहीच उडालं नाही.

"तरी काहीतरी कमी असतं त्यात," त्या म्हणाल्या. "चीज तेच. कांदा तोच. पण काहीतरी कमी असतं."

देस्पिनाबाईंनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं.

"धूळ," त्या म्हणाल्या.