कोर्ट उठेपर्यंत

दोन वाजता न्यायाधीश जेवायला उठले, तसा स्वानंदही उठला. मालिकेत रोज रात्री घराघरांत दिसणारा तो चेहरा गॉगलमागे गेला. वकिलाला त्याने खूण केली, चला.

“बसा जी.”

आवाज मागच्या बाकावरून आला. भागीरथाबाई. डावा पाय गुडघ्याखाली नाही, कुबडी मांडीवर आडवी. सकाळी निकाल लागला तेव्हा तिने तो कारकुनाकडून दोनदा वदवून घेतला होता. दारू पिऊन गाडी चालवली, या बाईला उडवलं, कबुली दिली. म्हणून दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. कैद म्हणजे काय, हेही तिने विचारलं होतं. याच खोलीत बसायचं, संध्याकाळी कोर्ट उठेस्तोवर.

“कोर्ट उठलं की बाई,” वकील हसला. “साहेब गेले ना.”

“साहेब जेवाले गेले. मी बी नाही जेवली अजून.”

दाराशी सेल्फीवाल्या पोरी ताटकळल्या होत्या. पहाऱ्यावरच्या पोलीस वंदनाच्याही हातात मोबाइल होता. “जाऊ दे ना वं मावशी,” ती हळूच म्हणाली, “थोडक्यासाठी काहून अडून बसली?”

“थोडकंच देल्लं त्याले. तेवढं तरी पुरं होऊ दे.”

वंदनाने मोबाइल खिशात टाकला. “बसा सर.”

स्वानंद बसला.

भिवापूरला मिरचीचे देठ खुडताना भागीरथा उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत उकिडवी बसायची. बसणं तिला नवं नव्हतं. उकिडवं बसणं तेवढं आता संपलं होतं. नसलेल्या पावलाला मुंग्या आल्या. ती हलली नाही.

तीननंतर वाडीच्या एका टेम्पोवाल्याचा पुकारा झाला. तोही प्यायलेला. त्याची धडक माणसाला नाही, दुभाजकाला बसली होती. त्यानेही कबुली दिली. त्याला दहा दिवस. पोलीस त्याला घेऊन गेले, तेव्हा भागीरथाने स्वानंदकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे पाहत होता.

चारच्या सुमारास तो चुळबुळला, गळ्याला हात लावून दाराकडे बघू लागला. भागीरथाने पिशवीतली बाटली काढली आणि बाकावरून पुढे केली.

“पानी प्या जी. बाहेर नका जाऊ.”

त्याने गॉगल काढला. घोट घोट करत अर्धी बाटली संपवली.

साडेपाचला न्यायाधीश उठले, सारी खोली उभी राहिली. स्वानंद मागे वळला. “आता जाऊ?”

“जा.”

बाहेर पोरींचा एकच गलका झाला. खोली रिकामी होत गेली. वंदना जवळ आली, हात पुढे करून म्हणाली, “चल वं मावशी, कोर्ट उठलं.”

भागीरथाने कुबडी जमिनीला टेकवली, दुसरा तळवा बाकावर रोवला.

“थांब वं,” ती म्हणाली. “मले उठाले वेळ लागते.”