फळीवरचे चरे

खड्डा.

चर्र.

शालिग्रामनं डोळे मिटले. उघडले तेव्हा मोटारीत समोर बसवलेल्या चकचकीत लाकडी फळीवर आणखी एक चरा उमटला होता. आधीच्या दोन्हींसारखाच, त्याच्याच कट्यारीचा. टोकाला खोचलेलं लिंबू मोताळ्याजवळ गळून पडलं होतं, आणि हळद उतरेपर्यंत नवरदेवानं कट्यार हातातून सोडायची नसते.

"मोटार जुनी हाय, तिचं काही नाही. फळीले जप," एवढंच वामनराव म्हणाले होते. इंग्रज गेला तेव्हा एका साहेबाकडून घेतलेली मोटार. शालिग्राम त्यांच्या सरकी काढायच्या जिनात कापूस तोलायचा; त्यानं लग्नाला मागितली, त्यांनी दिली. आता ते चिखलीत त्याच्या दारात उभे असतील. नवरीची वाट पाहत.

छे. फळीची.

राजूरच्या घाटात इंजिन तापलं. ड्रायव्हर पुंजाजी डबा घेऊन पाण्याला गेला. मागच्या सीटवर पाठराखीण अंबूबाई तोंड उघडं टाकून घोरत होती. तिच्या शेजारी नवरी, कोकिळा. वडनेरचं माहेर सुटल्यापासून एक शब्द नाही.

शालिग्रामनं फळीला थुंकी लावली. शेल्यानं घासलं. अजून वाकून घासलं, आणि वाकताना हातातली कट्यार—

चर्र.

"आता तुम्ही हलू नका बरं."

कोण बोललं? अंबूबाई तर घोरतच होती.

"खोबरं घासलं की लपते," कोकिळा खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "आमच्या घरच्या पेटीले माय तसंच करे."

"इथं घाटात खोबरं कुठून आणू?"

ती मांडीवरच्या ओटीची गाठ सोडायला लागली.

"अवं! ते घरी, देवापुढं सोडतात!"

"मंग ठेवू बांधून?"

शालिग्रामनं फळीकडं पाहिलं.

तिनं एक बदाम दातानं तोडला. दोन सीटांच्या मधून वाकून तुटकी बाजू चऱ्यावरून फिरवली. मग खोबऱ्याची वाटी. मग पदराचं टोक. चरा आधी पांढरा होता, मग भुरा झाला, मग कुठं होता ते शोधावं लागलं. शेवटचा तेवढा लपेना.

"हा तुमच्या मेहनतीचा," ती म्हणाली. "जिद्दी हाय."

तोही लपला. अंबूबाईनं कूस बदलली. गाठ पुन्हा बसली.

चिखली. वाजंत्री. वामनरावांनी नवरा-नवरीकडं पाहिलंच नाही. आधी मोटारीत डोकं घातलं.

"फळी त चमकून राह्यली! काय लावलं बे, पुंजाजी?"

"म्या? म्या पाणी टाकलं, इंजिनात."

आत, देवापुढं, शालिग्रामच्या आईनं, मंजुळाबाईनं, सुनेची ओटी सोडली. तिच्या हाती पहिल्यांदा आला तो अर्धा बदाम. दातानं तोडलेला. मग खोबऱ्याची वाटी. एका बाजूनं झिजलेली, काळपट.

जमलेल्या बायकांतल्या एकीनं तोंडाला पदर लावला. "देवाच्या आधी सुनेनंच नैवेद्य घेतला वं!"

"वाटेत भूक लागली होती काय, बाई?" मंजुळाबाईनं विचारलं. हसून नाही.

कोकिळेची मान आणखी खाली गेली. दारात वामनराव उभे होते, कान इकडंच.

"तिनं नाही," शालिग्राम म्हणाला. "म्या खाल्लं."

"तू? नवरीच्या ओटीतलं?"

"हाव. राह्यवलं नाही."

सगळं घर हसायला लागलं. वाजंत्रीवालेसुद्धा डोकावले.

"मंग उरलेलं काऊन ठेवलं, खादाड्या?" मंजुळाबाईनं वाटी त्याच्या मोकळ्या हातात कोंबली. आता तीही हसत होती. "खाय आता, सगळ्यांसमोर!"

शालिग्रामनं घास तोडला. जुनं पॉलिश. घाटाची धूळ. पुंजाजीच्या विड्यांचा इतक्या वर्षांचा धूर. तो चावत राहिला.

कोकिळेनं पदर बोटभर वर केला आणि पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ पाहिलं.

कोणी न सांगता त्यानं दुसरा घास तोडला.