सोळावा सोमवार

"हातातलं काम अर्धं टाकून उठते?" डॉक्टरीणबाईंनी एडीएचडीच्या फॉर्मवर खूण करत विचारलं.

"रोज," मी म्हणाले. माझी नऊ वर्षांची शर्वी तेवढ्यात उठून खिडकीशी गेलीसुद्धा. तिनं एका जागी बसावं म्हणूनच तर मी सोळा सोमवार धरलेत.

"वस्तू हरवते? प्रश्न संपायच्या आत उत्तर देते?" मी हो हो म्हणत होते आणि मला नवल वाटत होतं. हे सगळं माझंच तर होतं. जपाला बसले की माझं मन तिसऱ्या मण्यावरच पसार. सासूबाई म्हणायच्या, "देवापुढे तरी बूड टेकव गं!" शेवटी मी तुळशीभोवती फिरत जप करू लागले, प्रत्येक प्रदक्षिणेला कट्ट्यावर एक शेंगदाणा ठेवून. पाय चालू असले की नाम सुटत नाही.

"हे एडीएचडी, चित्त एका जागी न ठरण्याचं, मोठ्यांनाही असतं का हो?" मी हळूच विचारलं.

"असतं की. लहानपणी कुणी ओळखलेलं नसतं, इतकंच." त्यांनी दुसरा फॉर्म काढला. "कुणासाठी हवाय?"

मी त्यांच्याकडे पेन मागितलं.

घरी येऊन शर्वीच्या हातात दहा शेंगदाणे दिले. "सतराचा पाढा म्हणत माझ्यामागे फिर."

आजवर मध्येच सुटणारा पाढा शेवटापर्यंत गेला. कट्ट्यावर दाणे मात्र नऊच.

"दहावा?"

"खाल्ला!"

परवा सोळावा सोमवार. महादेवाला सांगणार आहे, तिला बसव म्हणाले होते ना, ते राहू दे.